मुफलिसीच्या दाव्यापासून विधी सेवा प्राधिकरणापर्यंत : चांदनी-बऱ्हाणपूर परिसराच्या संदर्भात मोफत दिवाणी कायदेशीर मदतीचा इतिहास

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खंडवा-बऱ्हाणपूर लोहमार्गावर, नेपानगरजवळ चांदनी हे छोटे गाव आहे. नेपानगरचा कागद कारखाना, बऱ्हाणपूरचे यंत्रमाग, तापी खोऱ्यातील शेती आणि सातपुड्याचे जंगल या चार गोष्टींवर या परिसराची उपजीविका चालत आली. येथे निमाडी, मराठी, खानदेशी, उर्दू आणि कोरकू बोलणारी माणसे शेजारी राहतात. त्यांचे कज्जेही या उपजीविकेतूनच उभे राहतात. थकलेली मजुरी, घराचे भाडे, शेताचा बांध, वनजमिनीचा दावा, वारसाहक्क, मेहर, पोटगी असे त्यांचे स्वरूप असते. यांपैकी बहुतेक तंटे दिवाणी स्वरूपाचे आहेत. त्यात कोणी तुरुंगात जात नाही. मात्र घर, जमीन किंवा महिन्याची भाकरी जाऊ शकते.

गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे सर्वसाधारणपणे माहीत असते. दिवाणी दाव्यातही असा हक्क आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा हक्क एका दिवसात निर्माण झाला नाही. न्याय मिळवण्याचा खर्च चार प्रकारचा असतो : कोर्टाचा मुद्रांक, वकिलाची फी, जाण्यायेण्यात बुडणारी मजुरी आणि कायद्याची माहिती. या चार अडथळ्यांकडे शासनाचे लक्ष कोणत्या क्रमाने गेले आणि कोणता अडथळा आजही कायम आहे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुघलकालीन पूर्वपीठिका

बऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांनी वसवलेले शहर. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश हा मुघल सुभा झाला. सुभ्याच्या या ठाण्यात काजी, मुफ्ती, मुहतसिब असे न्यायाशी संबंधित अधिकारी असत. दक्षिणेचा सुभेदार असताना औरंगजेबाचा या शहराशी दीर्घ संबंध होता आणि बादशहा झाल्यावर १६८१ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघाला तेव्हाही त्याचा मुक्काम येथे पडला.

मुघल न्यायव्यवस्थेच्या अभ्यासकांनी एक महत्त्वाची नोंद केली आहे. शाहजहान आणि विशेषतः औरंगजेब यांच्या काळात प्रत्येक सरकारात, म्हणजे त्या काळच्या जिल्हावजा विभागात, पगारी वकील नेमले जात. त्यांना 'वकील-ए-सरकार' किंवा 'वकील-ए-शरा' म्हणत. सरकारविरुद्धच्या दाव्यांत बाजू मांडणे हे त्यांचे मुख्य काम होते. गरीब पक्षकारांना मोफत सल्ला देणे हेही त्यांच्या कर्तव्यांत येत असे. या व्यवस्थेला आधुनिक अर्थाने हक्क म्हणता येणार नाही. ती बादशाही मर्जीवर आणि स्थानिक काजीच्या सचोटीवर अवलंबून होती. तरीही गरिबाला जाणकाराची मदत राज्याने पुरवावी ही कल्पना या देशाला परकी नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

या काळाची खूण भाषेतही उरली आहे. कोर्टाची फी भरू न शकणाऱ्या माणसाला मराठी कचेरीत 'मुफलिस' किंवा 'नादार' म्हणत आणि त्याच्या दाव्याला 'मुफलिसीचा दावा'. पहिला शब्द अरबी, दुसरा फारसी. कायद्याच्या आजच्या मराठीत त्या जागी 'निर्धन व्यक्ती' हा शब्द आला आहे.

इंग्रजी अंमल आणि 'मुफलिस' ठरण्याची परीक्षा

१८६० मध्ये बऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि १८६४ मध्ये निमाड जिल्हा मध्य प्रांतात सामील झाला. त्याच सुमारास हिंदुस्थानात एकसूत्री दिवाणी कायद्याची घडी बसत होती. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मुफलिसांच्या दाव्यांची तरतूद होती. १८७० च्या न्यायालय फी अधिनियमाने दाव्याच्या रकमेनुसार मुद्रांक लावण्याची पद्धत पक्की केली. १९०८ च्या संहितेत मुफलिसीचे नियम ३३ व्या आदेशात आले.

इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या १४९५ च्या कायद्याने गरीब फिर्यादीला मुद्रांकमाफी आणि न्यायालयाने नेमलेला वकील या दोन्ही गोष्टी दिल्या होत्या. हिंदुस्थानात त्यातील पहिली गोष्ट तेवढी आली. ३३ व्या आदेशाने सवलत दिली ती कोर्ट फीची, आणि तीही कायमची माफी नव्हती. दावा जिंकला तर मिळालेल्या मालमत्तेवर सरकारच्या फीचा पहिला बोजा बसे. दावा हरला तर ती फी मुफलिसाकडूनच वसूल करण्याचा हुकूम होई. समन्स बजावण्याचा खर्च तर मूळ नियमाप्रमाणे त्याला आधीच भरावा लागे.

ही सवलत मिळवण्याची परीक्षाही कठीण होती. अर्जासोबत आपल्या सगळ्या जंगम-स्थावर मालमत्तेची किमतीसह यादी द्यावी लागे. दाव्याला ठरावीक फी नसेल तेथे अंगावरचे आवश्यक कपडे आणि वादाचा विषय वगळून शंभर रुपयांची मालमत्ताही नसावी, अशी अट होती. अर्ज मुफलिसाने स्वतः हजर राहून द्यायचा. त्याच्या गरिबीला हरकत घेण्यासाठी प्रतिपक्षाला आणि सरकारी वकिलालाही नोटीस जाई. म्हणजे मूळ दावा सुरू होण्याआधी गरिबी सिद्ध करण्याचा दुसराच दावा लढावा लागे. दाव्यातील मिळकतीत कोणाला हिस्सा देण्याचा करार केला असेल तर अर्ज फेटाळला जाई. त्यामुळे जिंकल्यावर मोबदला घेण्याच्या बोलीवर वकील मिळवण्याची वाटही बंद होती.

पडदानशीन स्त्रियांचा विचार मात्र संहितेने केला होता. रिवाजानुसार ज्या स्त्रीला लोकांसमोर येण्यास भाग पाडणे योग्य नाही, तिला हजेरीतून सूट होती आणि तिचा अर्ज अधिकृत प्रतिनिधीमार्फत देता येई. पण प्रतिनिधी मिळणे आणि तो प्रामाणिक असणे या दोन्ही गोष्टी नशिबावर सोडलेल्या होत्या. मेहर वसुलीच्या दाव्यात याचा प्रत्यय येई. मेहर हे पतीवरचे कर्ज मानले जाते आणि पतीच्या मृत्यूनंतर ते त्याच्या मालमत्तेतून वसूल करता येते. या दाव्यालाही रकमेप्रमाणे मुद्रांक लागे आणि मुदत तीन वर्षांची होती. सासरच्या घरात राहणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या विधवेची ही तीन वर्षे कशी निघून जात, याची कल्पना करणे कठीण नाही.

मुंबईतील प्रयत्न आणि स्वातंत्र्योत्तर समित्या

वकिलाच्या प्रश्नाकडे प्रथम संघटितपणे लक्ष गेले ते मुंबईत. १९२४ मध्ये तेथे बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही कामांत गरिबांना आणि मागासवर्गीयांना कायदेशीर मदत कशी देता येईल, हा तिचा विषय होता. त्याच वर्षी ब्रिटनने कायदेशीर मदत व सल्ला कायदा संमत करून सरकारी खर्चाने दिवाणी वकिलाची सोय केली. मुंबईच्या समितीच्या शिफारशी मात्र पैशाअभावी मागे पडल्या. १९५८ मध्ये विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात हा विषय पुन्हा मांडला आणि गरिबाला मदत करणे ही राज्याची जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले.

बऱ्हाणपूर-चांदनीच्या दृष्टीने या दशकातील वेगळीच घटना महत्त्वाची ठरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर निमाडची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. इंदूरला खंडपीठ झाले, पण पूर्व निमाड जबलपूरच्या मुख्य पीठाकडेच राहिला. इंदूर जवळ असूनही येथील पक्षकाराला अपिलासाठी जबलपूरची लांब वाट धरावी लागली. जिल्ह्याचे ठिकाण खंडवा होते. न्यायालय किती दूर आहे, हाही न्यायाच्या खर्चाचाच भाग असतो. मुद्रांकाच्या आणि वकिलाच्या चर्चेत हा भाग बराच काळ दुर्लक्षित राहिला.

१९७६ : एकाच वर्षातील तीन बदल

१९७० च्या दशकात या विषयाला वेग आला. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांची गुजरातमधील समिती, न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या समितीचा १९७३ चा अहवाल आणि दोघांचा मिळून १९७७ चा अहवाल हे त्यातील टप्पे होत. १९७६ या एका वर्षात तीन बदल झाले.

पहिला बदल दिवाणी प्रक्रिया संहितेत झाला. 'मुफलिस' या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द जाऊन निर्धन व्यक्ती हा अर्थ आला. शंभर रुपयांची मर्यादा हजार रुपये झाली आणि जप्तीतून वगळलेली मालमत्ता हिशेबात धरायची नाही असे ठरले. समन्सचा खर्चही माफ झाला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निर्धन पक्षकाराला वकील नसेल तर परिस्थिती पाहून न्यायालय वकील नेमून देऊ शकेल असा नवा नियम आला.

दुसरा बदल मध्य प्रदेशात झाला. राज्य विधानमंडळाने समाजातील दुर्बल घटकांसाठी विधिक सहायता व विधिक सल्ला अधिनियम, १९७६ संमत केला. या विषयावर स्वतंत्र कायदा करणाऱ्या आरंभीच्या राज्यांत मध्य प्रदेशाची गणना होते.

तिसरा बदल घटनेत झाला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९ क आला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये म्हणून राज्याने मोफत कायदेशीर साहाय्य पुरवावे, असे त्यात म्हटले आहे. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने थेट कोर्टात बजावता येणारा हक्क त्यातून निर्माण झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ शी त्याची सांगड घातली ती प्रामुख्याने फौजदारी खटल्यांत. एम. एच. होसकोट (१९७८) आणि हुसैनआरा खातून (१९७९) हे त्यातील ठळक निवाडे. १९८३ मध्ये शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईतील कोठडीतील स्त्रियांच्या प्रश्नावर झालेला निर्णयही त्याच मालिकेतला. वैयक्तिक स्वातंत्र्य धोक्यात असते तेथे न्यायालये तत्पर झाली. घर, जमीन आणि पोटगी धोक्यात असते तेथे कायद्याची वाट पाहावी लागली.

स्त्रियांचे दावे : इंदूरचा एक खटला

या वाट पाहण्याचा अर्थ याच राज्यातील एका खटल्यावरून लक्षात येतो. एप्रिल १९७८ मध्ये शाह बानो यांनी इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांकडे कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला. हे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत असले तरी त्यातील मागणी स्वरूपाने दिवाणीच असते. १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय २३ एप्रिल १९८५ रोजी आला. या निर्णयाची चर्चा व्यक्तिगत कायदा आणि राजकारण या अंगांनी भरपूर झाली. कायदेशीर मदतीच्या अंगाने त्यातील वेगळी बाब दिसते. वकील असणे, तीन न्यायालयांपर्यंत टिकून राहणे आणि सात वर्षे थांबणे ज्या स्त्रीला शक्य आहे, तिलाच असा निकाल मिळतो.

पुढे १९८६ चा मुस्लिम स्त्रिया (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम आला. डॅनियल लतीफी खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. इद्दतीच्या काळातच पतीने घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याचीही वाजवी व न्याय्य तरतूद केली पाहिजे, असे त्यात स्पष्ट झाले. २०२४ मध्ये मोहम्मद अब्दुल समद खटल्यात कलम १२५ चा मार्गही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला खुला असल्याचे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी १ जुलैपासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. म्हणजे तिच्यापुढे आज एकापेक्षा अधिक मार्ग आहेत. कोणता मार्ग तिच्या हिताचा, हे सांगणारा जाणकार जवळ नसेल तर या मार्गांचा तिला उपयोग होत नाही. शेजारच्या महाराष्ट्राने १९९४ मध्ये पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. मुद्रांकाचा अडथळा दूर करणे राज्यांच्या हाती असते, हे त्यातून दिसले.

१९८७ चा अधिनियम आणि त्याची रचना

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. मधली आठ वर्षे तो कागदावर होता. या कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा प्राधिकरणे व तालुका समित्या अशी उतरंड निर्माण केली. मध्य प्रदेशाच्या राज्य प्राधिकरणाचे कार्यालय जबलपूरला आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात.

कलम १२ हा या कायद्याचा गाभा आहे. दावा दाखल करणाऱ्याला आणि दाव्यात बचाव करणाऱ्याला, दोघांनाही हे कलम लागू आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग, वेठबिगारीचे किंवा मानवी व्यापाराचे बळी, आपत्तिग्रस्त, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. मूळ कायद्यात ती ९,००० रुपये होती आणि ती वाढवण्याचा अधिकार राज्यांना आहे.

या यादीत अल्पसंख्य हा स्वतंत्र गट नाही. त्याचा परिणाम बऱ्हाणपूर परिसरात पुढीलप्रमाणे दिसतो. विणकर कुटुंबातील स्त्री ही स्त्री म्हणून आपोआप पात्र ठरते. कारखान्याच्या हजेरीपत्रकावर नाव असलेला तिचा भाऊ औद्योगिक कामगार म्हणून पात्र ठरू शकतो. घरच्या मागावर मजुरीने कापड विणणाऱ्या तिच्या पतीला आपण कामगार आहोत हे दाखवणे अवघड जाते आणि त्याला उत्पन्नाच्या मर्यादेचाच आधार घ्यावा लागतो. चांदनीच्या जंगलालगतचा कोरकू किंवा भिल शेतकरी अनुसूचित जमातीचा म्हणून पात्र असतो. त्याच्याच गावातील बिगर-आदिवासी भूमिहीन मजुराला मात्र उत्पन्न दाखवावे लागते. येथे कलम १३ मधील एक तरतूद आवर्जून सांगितली पाहिजे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. त्यावर अविश्वास ठेवण्यास कारण असेल तरच अधिक चौकशी करायची. ३३ व्या आदेशात प्रतिपक्षाला नोटीस पाठवून गरिबी तपासली जाई. त्या तुलनेत हा बदल मोठा आहे.

'विधी सेवा' या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. न्यायालयाखेरीज इतर प्राधिकरणे व न्यायाधिकरणे यांच्यापुढील काम आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्ला तिच्यात येतो. त्यामुळे मजुरीचा, वक्फ मालमत्तेचा किंवा २००६ च्या वनहक्क कायद्याखालील प्रश्न असला तरी मदत मागता येते.

याच कायद्याने लोकअदालतीला वैधानिक स्थान दिले. तडजोडीतून झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो. त्यावर अपील नाही आणि प्रलंबित दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. खर्च आणि काळ वाचतो, हे तिचे यश होय. मात्र दुर्बल पक्षाने सल्ल्याविना, केवळ थकून तडजोड केली तर अपिलाची वाटही बंद होते. म्हणून लोकअदालतीत जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला मिळणे गरिबाच्या दृष्टीने अधिकच आवश्यक ठरते.

अंतर आणि माहिती : उरलेले अडथळे

१५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. चांदनीच्या रहिवाशाचे जिल्ह्याचे ठिकाण खंडव्याऐवजी बऱ्हाणपूर झाले आणि आज तेथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अंतराचा प्रश्न काही अंशी सुटला. अपिलाची वाट मात्र जबलपूरचीच राहिली.

भाषेचा प्रश्नही उरतोच. कोर्टाचे कामकाज हिंदीत चालते. निकाहनामा उर्दूत असतो, जुनी शेतीची कागदपत्रे कधी मराठीत असतात आणि पक्षकार निमाडी बोलतो. कागदाचे भाषांतर आणि त्याचा अर्थ समजावून सांगणे ही कामे कायद्याच्या भाषेत क्षुल्लक वाटतात, पण अनेकांचे पाऊल तेथेच अडते.

माहितीच्या अभावाकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दोनदा लक्ष वेधले. सुख दास खटला फौजदारी होता. देशातील बहुसंख्य लोकांना आपले हक्कच माहीत नसतात, म्हणून मदत मागितली नाही एवढ्यावरून ती नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. केरळच्या सेंटर फॉर लीगल रिसर्च प्रकरणात स्वयंसेवी संस्थांना कायदेशीर मदतीच्या कामात सामील करून घ्यावे, शासनाने त्यांना साहाय्य द्यावे, पण त्यांच्यावर नियंत्रण लादू नये, अशी भूमिका घेतली गेली. पुढे राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणि २०११ मध्ये विधी साहाय्य केंद्रांचे विनियम केले. १५१०० हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे. २०२२ च्या सुधारित योजनेने जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालये उभी राहू लागली, पण ती फौजदारी कामासाठी आहेत. दिवाणी दावे अजूनही पॅनेलवरील वकिलांकडेच जातात. फौजदारी आणि दिवाणी यांतील जुनी दरी नव्या रूपात चालू आहे, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) गरिबाला कायद्याच्या जाणकाराची मदत राज्याने द्यावी हा विचार या भूमीत मुघल काळापासून आढळतो. इंग्रजी अंमलात तो कोर्ट फी पुढे ढकलण्यापुरता संकुचित झाला.

२) मुद्रांकाचा अडथळा प्रथम हलका झाला, वकिलाचा १९७६ नंतर, आणि अंतराचा त्याहून उशिरा व अपुरा. माहितीचा अडथळा सर्वांत शेवटी ओळखला गेला.

३) १९८७ च्या कायद्यातील पात्रता विस्तृत असली तरी असंघटित विणकर व भूमिहीन मजूर पुरुष यांना तिचा लाभ घेणे तुलनेने कठीण जाते. प्रतिज्ञापत्राची सोय त्यांच्यापर्यंत पोहोचणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

४) हक्काची माहिती पोहोचवण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. ज्या महाविद्यालयांत याच कुटुंबांतील पहिल्या पिढीची मुले-मुली शिकतात, तेथील शिक्षक कलम १२ ची यादी वर्गात समजावून सांगू शकतात, निकाहनामा व भाडेपावती जपून ठेवण्याचे महत्त्व पटवू शकतात, प्रतिज्ञापत्राचा नमुना लिहून घेऊ शकतात आणि जिल्हा प्राधिकरणाच्या सहकार्याने विधी साहाय्य केंद्र चालवू शकतात. मेहरच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या घरातील शिकत्या मुलीला वेळेत कळली, तर तिच्या आईचा हक्क बुडण्याचे टळू शकते.